गोजराबाई सुईण हिच्या वाटेचे वर्तमान

श्री वेलाई ग्रामदेवता साक्ष. शके अठराशे अठ्ठ्याहत्तर, दुर्मुखनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी कसबे तांबडवेल येथे एक मूल जन्मास आले, आणि साठ वर्षांनी शके एकोणीसशे अडतीस साली तेच दुर्मुखनाम संवत्सर फिरून आले, तो त्या मुलाचे राज्य जाहले होते. ते कैसे जन्मले, कोणी जन्मविले आणि त्या जन्मविणारीचे पुढे काय जाहले, हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. वाढविले नाही, झाकिले नाही.

ते मूल म्हणजेच श्रीमंत सरकार, आणि आता राज्यात त्यांचाच अंमल होता. सरकार बोलण्यात चतुर, आणि प्रत्येक सभेत अखेरीस उजवा हात छातीवर ठेवून एक वाक्य बोलत, की "आमची नाळ तांबडवेलीच्या मातीत पुरली आहे." मग लोक टाळ्या वाजवीत. हे वाक्य भिंतींवर लिहिले गेले, मोटारींच्या काचांवर लिहिले गेले, शाळांच्या पुस्तकात गेले, आणि तांबडवेल म्हणजे केवढे थोर ठिकाण असे राज्यात सर्वांस वाटू लागले. प्रत्यक्षात कसबा लहान. एक बाजारपेठ, एक ओढा, ओढ्यावर एक अरुंद पूल आणि एक दवाखाना, त्यास एक वैद्य व एक गाडी. सरकार दर साली आपल्या जन्मदिवशी तेथे स्वारीने येत, पेठेतील चौकात वाकून चिमूटभर माती कपाळास लावीत, त्यास मृत्तिकावंदन म्हणत, आणि अर्ध्या घटकेत माघारी जात. तेवढ्यासाठी कसब्याचे रस्ते दोन दिवस आधी झाडीत, कुत्री धरून नेत आणि भिंती रंगवीत. कसब्यातील लोकांसही त्याची घमेंड चढली होती. परगावी सोयरिकीस गेले तरी मुलाचे शिक्षण सांगण्याआधी आपण तांबडवेलीचे हे सांगत.

त्या कसब्यात भिवा कुंभार राहत होता. वय चौऱ्यांशी, देह वाळलेला, परंतु हात शाबूत. त्याची बायको गोजराबाई सुईण. तिने सासूच्या हाताखाली हे काम शिकून कसब्यातील तीन पिढ्यांची बाळंतपणे केली. बाई अडली की गोजराबाईस बोलावणे यावे, तिने पदर खोचून जावे आणि वाट मोकळी करून यावे, ऐसे पन्नास वर्षे चालले. पुढे दवाखाना जाहला तरी वैद्य जागेवर नसला म्हणजे लोक तिच्याच दारी येत, आणि वैद्य बहुतेक जागेवर नसे. नवरा-बायकोचे भांडण रोजचे. भिवा म्हणे, "तुझ्या हातची पोरं गावभर झाली, माझ्या हातची मडकी फुटून गेली." ती म्हणे, "मग नीट भाजायची व्हती." ऐसा त्यांचा संसार साठ वर्षांचा.

शके एकोणीसशे सदतीस, मार्गशीर्ष मास, मृत्तिकावंदनाचा दिवस. सकाळी गोजराबाईच्या छातीत कळ आली आणि घाम सुटला. भिवा दवाखान्यात धावत गेला, तो दाराला कुलूप. शिपायाने सांगितले, "तात्या, डॉक्टर सरकारच्या ताफ्यात गेल्यात. गाडी बी ताफ्यात. वरून हुकूमच हाय, सरकारला कमीजास्त झालं तर जवळ असावं म्हणून." भिवा म्हणाला, "सरकारला काय झालंय?" शिपाई म्हणाला, "काई न्हाई, पण होईल म्हणून." मग भिवाने शेजारच्या रहिमान तांबोळ्याचा टेम्पो मागितला, त्यात गोधडी घालून तिला निजविले आणि परगण्याच्या ठाण्यातील इस्पितळाची वाट धरली. ओढ्याच्या पुलावर आले तो आडवा बांबू टाकिलेला. जमादाराने हात केला. रहिमान बोलिला, "साहेब, म्हातारी अत्यवस्थ हाय." जमादार बोलिला, "मला दिसतंय चाचा. पण पूल मोकळा ठेवायचा हुकूम हाय, स्वारी येईल आत्ता." ते आत्ता काही येईना. एक घटका गेली, दुसरी गेली, ऊन चढले. भिवा खाली उतरून जमादाराच्या पाया पडला, तेव्हा जमादाराने त्यास उठविले, पाणी पाजिले, आणि बांबू तेवढा उचलला नाही. अखेरीस स्वारी आली. पुढे वाद्ये आणि मोटारी, मध्ये सरकारची मोटार, तिच्या छतातून सरकार वर उभे राहून दोन्ही बाजूंस हात जोडीत होते, आणि सर्वांचे मागे तांबडवेलीच्या दवाखान्याची गाडी, आत वैद्य बसलेला, ती टेम्पोला घासून पुलावरून गेली. भिवाने तिच्या पत्र्यावर थाप मारिली, ती वाद्यांत ऐकू गेली नाही. गोजराबाईने डोळे उघडून विचारले, "कोण गेलं?" भिवा म्हणाला, "ताईसाहेबाचा ल्योक." ती म्हणाली, "मान आजून वाकडीच धरतो का वो?" आणि त्यानंतर ती काही बोलली नाही. बांबू उचलला तेव्हा रहिमानाने टेम्पो पुढे काढिला नाही, माघारी वळविला.

मग मृत्यूचा दाखला आला. त्यात मरणाचे कारण वार्धक्य असे लिहिले होते. ते भिवाच्या मनास लागले. तो कचेरीत जाऊन म्हणाला, "म्हातारी व्हती, कबूल. पण म्हातारपणानं त्या दिवशी सकाळी नव वाजता मरायचं ठरवलं न्हवतं. वाट अडली म्हणून मेली, तसं लिवा." लेखनिक बोलिला, "तात्या, असा रकाना नाही." भिवा म्हणाला, "रकाना पाडा." त्यावर लेखनिक हसला. भिवा आठ दिवसांनी पुन्हा गेला, आणि पुन्हा गेला, आणि ऐसा वर्षभर जात राहिला. तो दारात दिसला की कचेरीतील लोक म्हणत, "रकाना आला." दुसरे त्याचे काही मागणे नव्हते. नुकसानी नको, माफी नको. बायको कशाने गेली हे खरे लिहावे, एवढेच. लेक सुलोचना सासरी होती, ती म्हणे, "आबा, आई काय परत येणार हाय का लिवून?" तो म्हणे, "न्हाई. पण खोटं लिवल्यानं ती दोनदा गेली."

इतक्यात सरकारची साठी जवळ आली. प्रतिपक्षाचे एक बोलके सरदार होते, त्यांनी भर सभेत टोमणा मारिला, की "नाळ पुरली म्हणता, तर कोठे पुरली ती जागा दाखवा. आम्हीही नारळ घेऊन येतो." राज्यात हशा पिकला. सरकारांस ते झोंबले. त्यांनी आपले चिटणीस मुरलीधरपंत यांस बोलावून आज्ञा केली, की जागा शोधावी, तीवर जन्मस्थानाचे मंदिर उठवावे, आणि साठीच्या दिवशी आम्ही तेथे उभे राहू. चिटणीस कागदात फार हुशार. काळ्याचे पांढरे न करिता काळेच ऐसे लिहीत की वाचणारास पांढरे वाटावे. ते तांबडवेलीस मुक्कामास आले, तो कसब्यात दोन तट पडलेले. सरकारच्या मामांचे घर वरच्या आळीस, ते म्हणाले आमच्या परसात तुळशीखाली. खालच्या आळीचे म्हणाले, छे, निंबाखाली, आमच्या आजीने पाहिले आहे. दोन्हीकडे खणून पाहिले. तुळशीखाली बाटली निघाली आणि निंबाखाली बोकडाचे शिंग. मामांच्या घरचे म्हणाले, बाटली आमची नव्हे. त्यावरून मारामारी जाहली आणि दोघांची डोकी फुटली. तेव्हा एक म्हातारी चिटणिसांस म्हणाली, "साहेब, कशाला रान उकरता? सुईण गेली, पण खड्डा खणणारा हाय जित्ता."

मग चिटणीस भिवाच्या दारी आले. भिवा चाकापाशी बसून माती तिंबीत होता. चिटणिसांनी जोडे काढिले, हे पाहून भिवाने जाणिले की काम मोठे आहे. चिटणीस बोलिले, "तात्या, सरकारची नाळ कोठे पुरली, हे तुम्हांस ठाऊक आहे म्हणतात." भिवा म्हणाला, "नाळ न्हवं, वार. नाळ वाळून मागनं पडती, ती आईनं कुठं टाकली ते तिला ठावं. पुरतात ती वार, पोरामागनं येती ती. इतकी वर्सं सरकार चुकीचं बोलत्यात." चिटणीस म्हणाले, "बरे, वार. पण सभेत नाळच चांगली वाटते." भिवा म्हणाला, "ती मी पुरली. गाडगं बी माझंच." आणि त्याने सारी हकीकत सांगितली. सरकारच्या मातोश्री ताईसाहेब माहेरी आल्या होत्या, धाकट्या भावाचे लग्न होते, मांडव पडला होता, देवक बसले होते, आणि त्यांस महिनाभर आधी कळा सुरू जाहल्या. थोरला भाऊ म्हणाला, मांडवात सोयर नको. भिवाच्या आईने सांगून पाहिले, की देवक बसल्यावर सोयर लागत नाही, शास्त्र आहे. परंतु भावाने ऐकिले नाही, आणि बहिणीस मागील दाराने बाहेर काढिले. त्या देवकाची मडकी भिवाच्याच घरून गेली होती, आणि ताईसाहेब भिंत धरीत धरीत त्याच घरच्या छपरात येऊन चाकाशेजारी पडल्या. मूल अडले होते. नाळ गळ्याभोवती फिरून मान वाकडी जाहली होती. भिवाच्या आईची बोटे जाड, ती आत जाईनात, तेव्हा गोजरा एकोणीस वर्षांची सून, तिने बोट घालून वेढा सोडविला आणि मूल रडले. "तिनं वाट मोकळी केली म्हणून सरकार हायेत," भिवा म्हणाला.

चिटणिसांचे डोळे लकाकले. मामांनी घराबाहेर काढिले हे त्यांनी ऐकिले न ऐकिलेसे केले. परंतु कुंभाराचे छप्पर, चाक, ओली माती आणि त्यात सरकारचा जन्म, हे ऐकून ते मनात म्हणाले की हे तर तुळशीहून शंभरपट बरे. ते म्हणाले, "तात्या, जागा दाखवा. तुम्हांस नवे घर देऊ, वर्षासन देऊ, गोजराबाईंचे नाव दगडावर घालू." भिवा म्हणाला, "घर हाय. वर्षासन खायला दात न्हाईत. दगडावर एक वळ लिवा, जागा दावतो." चिटणीस म्हणाले, "सांगा." भिवा म्हणाला, "गोजराबाई सुईण, वाट अडली म्हणून मेली." चिटणीस हळूच बोलिले, "जन्मस्थानाच्या दगडावर 'अडली' हा शब्द कसा घालावा? बायका ओटी भरावयास येतील. अशुभ दिसेल. कोणी म्हणेल ताईसाहेबच अडल्या होत्या." भिवा म्हणाला, "त्या बी अडल्या व्हत्या. त्यांची सोडवणारी व्हती. हिची न्हवती." चिटणीस म्हणाले, "दुसरे काही मागा." भिवाने चाकाला हात घातला, आणि चाक फिरू लागले, आणि त्याने मान वर केली नाही.

ऐसे तीन वेळा चिटणीस आले आणि तीन वेळा रिकामे गेले. साठीस तीन महिने राहिले. शेवटी खुद्द सरकार गुप्तपणे एका मोटारीने आले, आणि छपरात मातीतच मांडी घालून बसले. भिवाने त्यांची मान पाहिली, ती जरा उजवीकडे कललेली होती. सरकार बोलिले, "तात्या, आम्हांस हे काहीच ठाऊक नव्हते. पुलावर तुम्ही होता, हेही आज कळले." आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. ते पाणी खरे होते. पुढे काय जाहले यावरून ते खोटे होते असे म्हणू नये, त्या पाण्यास पुढच्याशी काही संबंध नव्हता इतकेच. भिवा म्हणाला, "सरकार, माझं एकच हाय. वाट." सरकारांनी त्याचा मातीचा हात हाती घेतला आणि म्हणाले, "तिची वाट दगडावर येईल. हा आमचा शब्द." चिटणीस मागे उभे होते, त्यांनी तो शब्द लिहून घेतला. भिवा उठला, आणि चाकाच्या उगवतीस तीन हात मोजून म्हणाला, "हितं." खणिले तो कमरेइतक्या खोलीवर गाडग्याची खापरे निघाली. भिवाने एक उचलून अंगठा फिरविला आणि म्हणाला, "माझंच. कड जाड सोडलीया. गोजरा म्हणायची, तुला कड जमत न्हाई." सरकार वाकले आणि त्यांनी ती माती कपाळास लाविली. ती साठ वर्षांत प्रथमच खऱ्या जागेची लागली.

मग जागा राज्याची जाहली. चाक उचलून पेटीत ठेविले, भट्टी मोडली, छप्पर काढून त्याच आकाराचे दगडी छप्पर केले, आणि पेठेतून त्या स्थळापर्यंत रुंद रस्ता काढिला. रस्त्यात अकरा घरे गेली, त्यात मामांचेही गेले, त्याबद्दल मात्र भिवास वाईट वाटले नाही. भिवास पलीकडे पत्र्याची एक खोली दिली. तो रोज येऊन पाथरवटापाशी बसे आणि विचारी, "झालं का माझं?" पाथरवट म्हणे, "कापडाखाली हाय तात्या, उघडायचा हुकूम न्हाई."

साठीचा दिवस आला. फौजफाटा, मोटारी, वाद्ये, आणि परगण्या-परगण्यांतून आणिलेली माणसे. सुलोचना सासरहून बापाचा हात धरून आली होती. सरकारांनी कापड ओढिले आणि लोकांनी जयघोष केला. दगड काळा, अक्षरे सोन्याच्या रंगाची. भिवास वाचता फारसे येत नव्हते, परंतु वर्षभर कचेरीत जाऊन एक शब्द तो ओळखू शिकला होता. त्याने अक्षरांवर बोट धरून शोधिले आणि खालून दुसऱ्या ओळीत त्यास तो सापडला. तो लेकीस म्हणाला, "हे बघ. वाट. लिवलं त्यांनी." आणि त्याने दगडास हात जोडिले. सुलोचना मनातल्या मनात वाचीत राहिली. भिवा म्हणाला, "वाच की मोठ्यानं." ती म्हणाली, "घरी गेल्यावर वाचते आबा." तो म्हणाला, "घरी दगड न्हाई. हितंच वाच." तेव्हा तिने वाचिले, ते असे:

"मातीची ओढ अनावर होऊन मातोश्रींनी राजगृह सोडून या छपरात श्रीमंतांस जन्म दिला. या जन्माची साक्षी गोजराबाई सुईण हिने आपल्या हातून जन्मलेल्या श्रीमंतांची वाट पाहता पाहता मृत्तिकावंदनाच्या दिवशी पुलावर देह ठेविला."

भिवाने बोट पुन्हा त्या शब्दावर ठेविले. मग म्हणाला, "वाट हाय न्हवं?" सुलोचना म्हणाली, "वाट हाय आबा. पण अडलेली न्हाई. बघितलेली हाय." भिवा गर्दीतून चिटणिसांपाशी गेला. चिटणिसांस तो येणार हे ठाऊक होते. त्यांनीच आधी बोलणे काढिले, "तात्या, शब्द पाळला. वाट आली दगडावर. पूलही आला. तारीखही खरी आहे. यात खोटे कोणते, दाखवा." भिवा म्हणाला, "ती दर्शनाला न्हवती चालली. दवाखान्याला चालली व्हती." चिटणीस म्हणाले, "पण वाट पाहिलीच ना? दोन घटका पाहिली." भिवा तेथून मंचाकडे वळला. सरकार मंचावर होते. त्यांनी भिवास पाहून दुरून हात जोडिले, आणि तसबिरी काढणारांनी तेवढ्यात तसबीर काढिली, ती दुसरे दिवशी सर्वत्र छापून आली. तीत भिवा सरकारांकडे टक लावून पाहत आहे, आणि खाली लिहिले होते, की तृप्त नजर.

पुढे जन्मस्थान फार चालले. लांबलांबून लोक येऊ लागले. नवससायास सुरू जाहले. ज्यास निवडणुकीस उभे राहावयाचे तो आधी येथे येऊन माती लावी. ज्या बाईचे बाळंतपण जवळ येई ती गोजराबाईच्या नावास हळदकुंकू वाही, आणि बाळंतपणास परगण्याच्या ठाण्यास जाई, कारण तांबडवेलीच्या दवाखान्यात वैद्य आता जन्मस्थानाच्या बंदोबस्तास असे. भिवा दगडापाशी येऊन बसू लागला. कोणी दगड वाचिला की तो म्हणे, "ते खोटं हाय. वाट बघत न्हवती. वाट अडली म्हणून मेली." कोणी हळहळे, कोणी हसे, कोणी म्हणे वयामुळे जाहले असेल. तेथे माहिती सांगावयास एक तरतरीत गृहस्थ नेमिले होते, शिवदास म्हणून. त्यांस वाटले की म्हातारा उगाच खोळंबा करितो, परंतु हाकलावा तर लोक काय म्हणतील. मग त्यांनी युक्ती केली. भिवा बोलू लागला की ते मोठ्याने म्हणत, "हे गोजराबाईंचे यजमान. पत्नी गेली, पण हे अजून सरकारची वाट पाहत येथे बसतात." हे ऐकून लोक भिवाच्या पाया पडू लागले. एका बाईने त्याच्या पायावर फूल ठेविले. ते फूल त्याने उचलून तिच्या हाती परत दिले, आणि काठी घेऊन उठला, आणि जन्मस्थानी पुन्हा गेला नाही.

त्यानंतर तो ओढ्याच्या पुलावर बसू लागला. कठड्याला पाठ लावून बसे. येणारा-जाणारा विचारी, "तात्या, कुणाची वाट बघताय?" तो म्हणे, "कुणाची न्हाई. हितं अडली." रहिमान तांबोळी टेम्पो घेऊन जाताना क्षणभर थांबे, एक पान लावून देई आणि जाई. पुढल्या साली मृत्तिकावंदनाच्या दिवशी जमादार आला. तोच जमादार, आता केस पिकलेले. त्याने सांगितले, "तात्या, उठा. पूल मोकळा ठेवायचा हाय." भिवा म्हणाला, "मी मदी न्हाई, कडंला हाय." जमादार म्हणाला, "कडंला बी कुणी नको म्हणत्यात." आणि भिवा उठेना, तेव्हा दोघां शिपायांनी त्यास हळू उचलिले, कोठे लागू दिले नाही, आणि ओढ्याच्या अलीकडे शेताच्या बांधावर नेऊन बसविले. मग स्वारी गेली. शेवटास दवाखान्याची गाडी होती. ती गेल्यावर भिवा आपला आपण उठला, बांधावरून वाट धरीत पुलावर आला आणि आपल्या जागी बसला.

एवंच, या राज्यात एकाच्या जन्माची जागा सापडली, आणि एकीच्या मरणाची जागा ठाऊक असून हरविली. जन्माच्या जागी दगड आहे, मरणाच्या जागी एक म्हातारा आहे. दगड टिकेल. इतके वर्तमान. ज्यास संशय येईल त्याने म्हातारा आहे तोवर पुलावर जाऊन विचारावे.